नंबर वनची हजेरी

दहा टनांची बस जॅकवर उचलून तिच्या पोटाखाली पाठीवर सरपटत जाणारा माणूस भित्रा असतो का हो? मिस्त्रींनी डेपोच्या वर्कशॉपमध्ये तेहेतीस वर्षं तेच केलं. एकदा जॅक घसरला, गाडी चार बोटं खाली आली, शेजारचा फिटर बोंब मारत बाहेर पळाला. मिस्त्री खालूनच म्हणाले, "ओरडतोस काय मेल्या, तेरा नंबरचा पाना दे!" असा हा गडी. आणि हाच गडी आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर स्वयंपाकघरात पेला पडला की दचकायचा. पेला पडल्यावर पुढे काहीच ऐकू आलं नाही, तर असेल तसा तिकडे धावत सुटायचा. कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. त्यांनी कोणाला सांगितलंच नाही.

ही भीती घरात शिरली पाच महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी. बाई आरशापुढे केस विंचरत होत्या. बाई म्हणजे मिस्त्रींची बायको. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि चिडवायचं म्हणून मिस्त्रीही बाईच म्हणायला लागले ते कायमचेच. तर बाईंच्या हातातला कंगवा खाली पडला. बाई "अहो" म्हणाल्या. पुढचा शब्द काही आला नाही. मिस्त्रींनी वळून पाहिलं तेव्हा तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि बाई त्यांच्याकडे असं बघत होत्या, की जणू मिस्त्री एखाद्या बसमध्ये बसून चाललेत आणि ती बस थांबवायला हात वर होत नाहीये.

मेंदूत रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. दोन आठवड्यांनी काठी धरून चालण्याइतका पाय परत आला. उजवा हात निम्मा आला. बोलणं आलं नाही. समोरच्यानं काय म्हटलं ते सगळं कळायचं, अगदी कोण खोटं बोलतंय तेही कळायचं, पण स्वतः बोलायला गेल्या की ओठ नुसते हलायचे. बत्तीस वर्षं ज्या बाईनं चाळीस-चाळीस पोरांना आवाजावर बसवलं, तिच्या तोंडून शब्द फुटेना. मिस्त्री हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

मग एके दिवशी नर्सनं सवयीनं विचारलं, "बाई, कुठे दुखतंय?" आणि बाई स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इन द थर्ड रो."

नर्स घाबरली. लेक रडायला लागली, "आईचं डोकं गेलं." ओळखलं ते एकट्या मिस्त्रींनी.

त्याचं असं आहे. बाईंची शाळा डेपोच्या भिंतीला भिंत लावून होती. रोज सकाळी वर्कशॉपचं पहिलं इंजिन सुरू व्हायच्या आधी भिंतीपलीकडून बाईंच्या वर्गाची हजेरी ऐकू यायची. आणि ती हजेरी जगावेगळी! "यस मॅडम" म्हटलेलं बाईंना चालायचं नाही. म्हणायच्या, "हजर आहेस ते मला दिसतंय. कुठे हजर आहेस ते सांग." मग बाईंनी नंबर पुकारायचा आणि पोरानं आपला ठिकाणा इंग्रजीत सांगायचा, तोही नुसता तुकडा: इन द थर्ड रो. निअर द विंडो. बिहाइंड द टॉल गर्ल. वाक्य नको, क्रियापद नको, फक्त ती फ्रेज. वर्गातलं सगळ्यात व्रात्य कार्टं बाईंच्या टेबलाला खेटून बसवलेलं असायचं. त्याचं उत्तर ठरलेलं, "निअर द टीचर," आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. वर्कशॉपमध्ये फिटर म्हणायचे, "मिस्त्री, तुमच्या घरची गाडी सुरू झाली बघा."

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण बाई होत्या, त्यांना सगळे स्पीचवाल्या मॅडम म्हणत. त्यांना मिस्त्रींनी ही हजेरीची गोष्ट सांगितली तर त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. "बरोबर आहे, काका. नवीन वाक्य जुळवायचं म्हणजे मेंदूला मेहनत पडते, ती वाट सध्या बंद आहे. पण जे हजारो वेळा तोंडातून गेलंय ते दुसऱ्याच फडताळात असतं. ते फडताळ शाबूत आहे. त्यांच्या काही वह्या आहेत का?"

वही होती. तपकिरी कव्हरची, कोपरे दुमडलेली. मिस्त्री मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेले. घरात त्या वहीला त्यांनी चाळीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. आता चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत बसले. पहिल्या पानावर बाईंनी मराठीत लिहिलं होतं: "सुट्या शब्दानं काम भागत नाही, आणि अख्खं वाक्य म्हटलं की पोर घाबरतं. म्हणून आधी फ्रेज." पुढे वहीचे भाग पाडलेले, आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर एक प्रश्न. 'कोण?' च्या पानावर नामाच्या फ्रेजा. 'कुठे?' च्या पानावर ठिकाणाच्या. मग 'कसं?', मग 'केव्हा?'. शेवटी क्रियापदाच्या फ्रेजा, त्यांच्यावर मात्र प्रश्न नव्हता, नुसती लाल रेघ होती.

मिस्त्रींना ते त्यांच्या भाषेत समजलं. सुटा नटबोल्ट नव्हे आणि अख्खी गाडीही नव्हे. गिअरबॉक्स. आतली दातेरी चाकं वेगवेगळी मोजायची नाहीत. उचलायचा तो एकत्र आणि बसवायचा तोही एकत्र. "हात्तिच्या," ते वहीला म्हणाले, "एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं की!"

'कोण?' च्या पानावर तिसरी ओळ होती, 'ॲन ओल्ड मॅन विथ अ बॅड टेम्पर.' रागीट म्हातारा. ओळीच्या बाजूला पेन्सिलनं एक छोटा पाना काढला होता. म्हणजे बत्तीस वर्षं ही बाई वर्गात कोणाचं उदाहरण देत होती ते मिस्त्रींना त्या दिवशी कळलं. त्यांनी वही तशीच बाईंपुढे धरली. बाईंनी पान पाहिलं, पाना पाहिला आणि आजारपणात पहिल्यांदा हसल्या, अर्ध्याच तोंडानं.

घरी आणल्यावर कारभार फ्रेजांवर चालू झाला. बाई म्हणायच्या, "ऑन द टेबल," की चष्मा द्यायचा. "इन द मॉर्निंग," म्हणजे सकाळची गोळी द्यायची राहिली. "विदाउट अ साउंड" ही 'कसं?' च्या पानावरची फ्रेज. मांजर कसं आलं, तर विदाउट अ साउंड. मिस्त्री दबक्या पावलांनी मागून आले की बाई दचकायच्या आणि डोळे वटारून तेच म्हणायच्या. आणि मिस्त्रींनी चहा करायला उशीर लावला तर 'केव्हा?' च्या पानावरून हुकूम सुटायचा, "ॲट वन्स!" त्या दोन शब्दांत बाईंचा वर्गातला आवाज जसाच्या तसा होता.

हजेरीही सुरू झाली. मिस्त्री दुसऱ्या खोलीत असले की दर पाच मिनिटांनी हाक, "बाई, कुठे?" आणि उत्तर, "इन द चेअर." "बाई, कुठे?" "निअर द विंडो." पण नंबर पुकारायचा मान बाईंचा, तो त्यांनी सोडला नाही. काठी आपटून त्या पुकारायच्या, "नंबर वन?" मग मिस्त्रींनी, ते असतील तिथून, इंग्रजीत ठिकाणा सांगायचा. वर्गात एकच पोर, तेव्हा नंबर वन तेच. "इन द किचन, बाई!" ते ओरडायचे. चुकलं तर बाई उत्तर धरायच्याच नाहीत, पुन्हा पुकारायच्या.

हसण्यावारी न्यावं असं हे सगळं; पण मिस्त्रींची भीती होती ती होतीच. उत्तराला दोन क्षण उशीर झाला की हातातलं टाकून धावायचे. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेल्या सापडल्या, काठी खाली तळाशी. त्या दिवसापासून दाराला आतून-बाहेरून किल्ली लागणारं कुलूप, कायम लावलेलं, आणि किल्ली मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात. मग फोनचं प्रकरण झालं. त्या फोनला एक लाल बटण होतं. दाबलं की शेवटचा लावलेला नंबर पुन्हा लागायचा. बाईंनी ते दाबलं आणि लेकीला तिच्या ऑफिसात तीनदा ऐकू आलं, "इन द किचन… इन द किचन…" तिला वाटलं, किचनमध्ये आग लागली. फोन मिस्त्रींनी उचलला आणि कपाटावर ठेवून दिला, नुसती वायर खाली लोंबत राहिली. न्हाणीघराची आतली कडी काढली. सुरी लपवली. भीतीपोटी माणूस काय काय करतो! बाई हे सगळं खुर्चीत बसून बघायच्या. बोलता येत नव्हतं म्हणून. नाहीतर त्यांनी चांगलं सुनावलं असतं.

लेक दुसऱ्या शहरात, आठ तासांच्या वाटेवर. तिनं तिच्याकडचं एक केंद्र पाहून ठेवलं होतं. अशा रुग्णांचं. चोवीस तास नर्स, स्वच्छ खोल्या, भेटायला दिवसातून एक तास. "बाबा, तुम्ही सत्तरीला आलात," ती म्हणाली. "उद्या तुम्ही बाजारात गेलात आणि आई पडली तर? ती कोणाला सांगणार? मला झोप लागत नाही हो." खोटं काय होतं त्यात? मिस्त्रींना तरी कुठे लागत होती?

शेवटी स्पीचवाल्या मॅडमनी तोड काढली. त्यांचं हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून. म्हणाल्या, "एक गोष्ट जमली पाहिजे. काही झालं तर बाईंना फोनवर मदत मागता आली पाहिजे. पंधरा तारखेला अकरा वाजता मी तिकडे फोनपाशी बसते, बाईंनी घरून फोन करून मदत मागायची. जमलं तर त्यांना घरीच ठेवा, तुमच्या लेकीला मी समजावते. नाही जमलं तर मात्र काका, तिचं ऐका."

पंधरा तारखेला बारा दिवस होते. मिस्त्रींनी वहीचं शेवटचं पान काढलं, लाल रेघेचं, आणि दोन दिवस खपून एक वाक्य जुळवलं: 'आय हॅव फॉलन, प्लीज हेल्प मी.' मी पडले आहे, कृपया मदत करा. वाक्य म्हणजे कसं, कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. का नाही जुळवणार? चाळीस वर्षं बायकोकडून एकच ऐकलेलं: "अहो, अर्धवट काय बोलता, वाक्य पूर्ण करा." मिस्त्री बोलताना नेहमी शेपूट सोडून द्यायचे. आता परीक्षेला जायचं तर पूर्ण वाक्यच न्यायला हवं, यात त्यांना शंकाच वाटली नाही.

रोज सकाळी जुना बंद रिसीव्हर बाईंच्या हातात द्यायचे. "म्हण. आय हॅव."

"आय," बाई म्हणायच्या. ओठ थरथरायचे. "आय… आय… इन द…"

"इन द नाही! हॅव! आय हॅव!"

"आय… ऑन द… ऑन द…" आणि मग डोळ्यांतून पाणी.

सहाव्या दिवशी मिस्त्रींचा तोल गेला. "वाक्य पूर्ण कर ना! मला आयुष्यभर म्हणत आलीस, मग आता कर ना पूर्ण!" बाईंनी रिसीव्हर भिंतीवर भिरकावला. तो फुटला. मिस्त्री तुकडे गोळा करत जमिनीवर बसले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. डावा खांदा हल्ली भरून यायचा, बाईंना उचलून बसवण्याचा ताण, दुसरं काय. तो चोळत ते बसून राहिले.

तेरा तारखेला सकाळी त्यांनी हार मानली. स्टुलावर चढून फोन खाली घेतला, मॅडमना लावला आणि एका दमात बोलून मोकळे झाले. "मॅडम, नाही जमत. तिला उगाच छळतोय मी. पंधरा तारीख राहू दे. लेकीला कळवतो, घेऊन जा म्हणून." मॅडम पलीकडून "काका, ऐका तर" म्हणत होत्या, पण ह्यांनी ठेवून दिला. धीर नव्हता. फोन पुन्हा कपाटावर गेला.

वळले तर बाई बघत होत्या. सगळं ऐकलं होतं. आणि सगळं समजलं होतं.

"अशी बघू नकोस," मिस्त्री म्हणाले. "मला भीती वाटते ग. रोज वाटते. तू पडशील आणि मी नसेन. मी काय करू?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. मग मान खिडकीकडे वळवली.

मिस्त्री न्हाणीघरात गेले. बाईंना धरायला म्हणून भिंतीला एक लोखंडी दांडा ठोकायचा महिनाभर राहिला होता. आता त्या जाणारच होत्या, तर दांडा कोणासाठी? पण हाताला काम हवं होतं. त्यांनी भिंतीला भोकं पाडली, पहिला स्क्रू पिळला. दुसरा पिळताना डाव्या खांद्यातली ती कळ छातीत उतरली.

आधी वाटलं, दमलो. मग वाटलं, कोणीतरी छातीवर बसची पुढची चाकं ठेवली. दरदरून घाम फुटला. दांडा धरायला गेले, तर एकाच स्क्रूवरचा दांडा फिरला आणि ते ओल्या फरशीवर आडवे झाले. पडताना पाय दाराला लागला आणि आत उघडणारं ते दार त्यांच्या अंगाला येऊन टेकलं, वीतभर फट ठेवून. हाक मारायला तोंड उघडलं. आवाजच नाही. श्वासच पुरेना, आवाज कुठून येणार?

अशा वेळी माणसाला काय आठवावं? मिस्त्रींना आठवली किल्ली. किल्ली माझ्या खिशात. दाराला कुलूप. फोन कपाटावर. मी मेलो, तर ही इथे बंद. कोणी येणार नाही. उद्यापर्यंत नाही, परवापर्यंत नाही. लेकीला वाटेल फोन का उचलत नाहीत. छातीतल्या कळेपेक्षा ह्या हिशेबानं ते जास्त घाबरले. सगळी कुलपं आपल्याच हातानं घातलेली. अक्कलशून्य, ते मनात स्वतःला म्हणाले, भित्रा, अक्कलशून्य माणूस.

बाहेर काठी आपटली. "नंबर वन?"

मिस्त्रींनी ओठ हलवले.

"नंबर वन?" आता आवाज चढलेला.

नळ टपकत होता. मिस्त्रींनी बोटांनी फरशी वाजवायचा प्रयत्न केला. बोटं नुसती ओल्यात घसरली.

"नंबर वन!" मग खुर्ची करकरली. काठी, पाऊल, ओढत आलेलं दुसरं पाऊल. काठी, पाऊल, ओढत. पडेल, मिस्त्री मनात ओरडत होते, बसून राहा ग, पडशील! फटीत बाईंचा चेहरा आला. त्या वाकून बघत होत्या. तोंड उघडून उभ्या राहिल्या.

"अहो," बाई म्हणाल्या.

पाच महिन्यांत पहिल्यांदा. मिस्त्रींना उत्तर द्यायचं होतं. ते नुसते बघत राहिले, आणि बाईंचा चेहरा फटीतून गेला.

मग खोलीतून असा दणका आला, की मिस्त्रींनी डोळेच मिटले. पडली. संपलं. आता दोघंही जमिनीवर, आणि दार बंद. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. पण मागोमाग फोनची ती बारीक गुणगुण ऐकू आली, आणि त्यांना कळलं. बाई पडल्या नव्हत्या. काठीच्या मुठीत वायर अडकवून बाईंनी कपाटावरचा फोन खाली ओढला होता. लाल बटणाचा आवाज आला. पिप, पिप, पिप. शेवटचा लावलेला नंबर.

मिस्त्रींना पलीकडचं ऐकू येत नव्हतं. बाईंचं मात्र सगळं ऐकू येत होतं.

"आय," बाई म्हणाल्या. "आय… आय…"

नको, मिस्त्री फरशीवरून म्हणत होते, आवाजाशिवाय. सोड ते वाक्य. मीच मूर्ख. वाक्य नको, बाई. तुझं म्हण. तुझं.

बाईंनी एक लांब श्वास घेतला. आणि मग जो आवाज आला तो डेपोच्या भिंतीपलीकडचा होता, सकाळच्या पहिल्या तासाचा, चाळीस पोरांना ऐकू जाणारा.

"ॲन ओल्ड मॅन," बाई म्हणाल्या. "ॲन ओल्ड मॅन विथ अ बॅड टेम्पर."

कोण.

"ऑन द फ्लोअर. बिहाइंड द बाथरूम डोअर."

कुठे.

"विदाउट अ साउंड." इथे त्यांचा आवाज फाटला. "विदाउट अ साउंड… विदाउट अ साउंड."

कसं.

थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या असाव्यात. मग काठी फरशीवर इतक्या जोरात आपटली, की न्हाणीघरातला एकाच स्क्रूवरचा दांडा हलला. "ॲट वन्स!" बाई ओरडल्या. "ॲट वन्स! ॲट वन्स!"

त्यानंतर पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "इन द पॉकेट." आणि पुन्हा काठी, पाऊल, ओढत. ह्या वेळी त्या दारापाशी खाली बसल्या, एकदम, धप्पकन. फटीतून त्यांचा डावा हात आत आला. तो मिस्त्रींच्या गालावर आला, तिथे क्षणभर थांबला, मग मानेवरून चाचपडत खिशाकडे गेला. दोनदा किल्ली हातातून निसटली. तिसऱ्यांदा आली. मग ह्या बाईनं, जिला एकटी खिडकीपर्यंत जाऊ द्यायला मिस्त्री घाबरायचे, ती सगळी खोली बसल्या-बसल्या सरकत पार केली. फरफटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग दाराच्या फटीखालून किल्ली बाहेर सरकल्याची बारीक खरखर झाली. त्यानंतर बाई दाराशीच बसून दर थोड्या वेळानं पुकारत राहिल्या, "नंबर वन? नंबर वन?" दर वेळी उत्तर येत नव्हतं आणि दर वेळी त्या पुन्हा पुकारत होत्या. शेवटी जिन्यावर पावलं वाजली, कुलूप उघडलं आणि मॅडमचा आवाज आला, "कुठे, बाई?" पुढचं मिस्त्रींना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले तेव्हा नाकात नळी होती, छातीला वायरी होत्या. लेक आली होती, रात्रभर प्रवास करून. मॅडम पायथ्याशी उभ्या होत्या.

"चाचणी दोन दिवस आधीच घेतलीत, काका," मॅडम म्हणाल्या.

मिस्त्री कसंबसं म्हणाले, "पण… वाक्य नव्हतं."

"वाक्य मी कधी मागितलं होतं? मदत मागायची, एवढंच म्हटलं होतं. कोण, कुठे, कसं, केव्हा. ॲम्ब्युलन्सवाल्याला ह्याहून जास्त काय लागतं? धडधाकट माणसं फोन करतात ना, ती पाच मिनिटं नुसती रडतात."

लेक पुढे आली. तिनं वडिलांचं पांघरूण उगाचच नीट केलं, पुन्हा नीट केलं, आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, घरी गेल्यावर ते कुलूप मी काढून टाकणार आहे." केंद्राचं नाव तिनं काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

बाई कुठे होत्या? मिस्त्रींना मान वळवता येत नव्हती, आणि ती जुनी भीती पुन्हा उठली. पेला पडला आणि पुढे शांतता. "बाई?" त्यांनी हाक मारली. आवाज जेमतेम ओठांबाहेर पडला. "बाई, कुठे?"

त्यांच्या डाव्या कानाशी काठी आपटली. बाई पलंगाला खेटून खुर्चीत बसल्या होत्या, कालच्याच साडीत, गुडघ्याला पट्टी बांधलेली. उत्तर काही दिलं नाही. हजेरी कोण घेणार, ते ठरलेलं होतं.

"नंबर वन?" बाईंनी पुकारलं, आणि त्यांचा ओठ थरथरायला लागला, कारण काल ह्या हाकेला किती वेळ उत्तर आलं नव्हतं ते त्यांना एकटीलाच माहीत होतं.

मिस्त्रींनी नळीतून श्वास ओढला. दोनदा मॅट्रिक आपटलेल्या माणसानं हे उत्तर कोणत्याही वहीतून नाही, भिंतीपलीकडून बत्तीस वर्षं ऐकून पाठ केलेलं होतं.

"निअर द टीचर," मिस्त्री म्हणाले.